कोऱ्या चहाची बाटली

काल फोनवर प्रविणने विनोद केला, आणि तेव्हापासून चंद्रावतीबाईंच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

विनोद वाईट नव्हता. उलट फार दिवसांनी असा जमून आला होता. रोह्याच्या ज्या एसटीडी बूथवरून तो बोलत होता, तिथे आखातातल्या नातेवाइकांना फोन करायला येणाऱ्यांची त्याने नक्कल केली. "आई, काचेच्या पेटीत शिरतात, दार घट्ट लावून घेतात आणि मग दुबईला एवढ्या मोठ्यानं ओरडतात की फोन कशाला हवा? गच्चीवर चढ म्हणावं, फुकटात पोचेल." मग त्याने एका म्हाताऱ्याचा आवाज काढला. म्हातारा मुलाला पुन्हा पुन्हा "जेवलास का" एवढंच विचारतोय आणि उत्तर न ऐकता मीटरवरच्या लाल आकड्यांकडे डोळे लावून बसलाय. चंद्रावतीबाईंना खुदकन हसू आलं. फोन ठेवला आणि ते हसू तोंडातल्या तोंडात आंबलं.

बावीस दिवस या मुलाने एकही विनोद केला नव्हता. "बरा आहे", "जेवलो", "ठेवतो" एवढंच बोलायचा. त्या कोरड्या, उदास शब्दांवर त्या रात्री शांत झोपत होत्या. आता तो एकदम इतका छान कसा बोलला? इतका छान तो कधी बोलायचा, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

आज सकाळपासून त्या पेणच्या आपल्या दोन खोल्यांत नुसत्या फिरत होत्या. फोनपाशी जायच्या, परत यायच्या. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि डाळ करपली.

प्रविण हिरामण म्हात्रे, वय तीस, धंदा नकलाकार. पेणपासून रोह्यापर्यंत कुठल्याही मंडळाच्या पोरांना विचारा, त्यांनी त्याला निदान एकदा तरी बोलावलेलं असायचं. गणपती, नवरात्र, कंपन्यांच्या कॉलनीतली संमेलनं, ऑर्केस्ट्राच्या दोन गाण्यांमधली पंधरा मिनिटं. तो पुढाऱ्यांचे आवाज काढी, एसटीच्या इंजिनाचा काढी, मासे विकणाऱ्या बायकांचं भांडण एकटा उभं करी. पण लोक वाट बघत बसत ती जनूदादाची.

जनूदादा म्हणजे दारुडा. एका हातात एक चप्पल, दुसऱ्या हातात बाटली, असा तो स्टेजवर येई. वाटेतल्या विजेच्या खांबाला कंडक्टर समजून त्याच्याशी तिकिटावरून हुज्जत घाली. खांब ऐकत नाही म्हटल्यावर त्याची समजूत काढी, "तू पन उबा, मी पन उबा. घरी कोन नाय का रं तुला?" लोक खुर्च्यांवरून खाली पडायचे. बाटली तोंडाला लावताना तो आधी तिची परवानगी घेई, बायकोची घ्यावी तशी, आणि परवानगी मिळाली नाही की इतका रडवेला होई की पुढच्या रांगेतल्या आज्यासुद्धा पदर तोंडाला लावत.

हा जनूदादा कुठून आला, हे तीनच माणसांना माहीत होतं आणि त्यातलं एक मरून सोळा वर्षं झाली होती.

चंद्रावतीबाई खारेपाटातल्या. त्यांच्या गावातून बी.ए. झालेली पहिली मुलगी. पेणला शाळेत त्या शिक्षिका झाल्या, आणि मिठागरावर मुकादम असलेल्या हिरामणशी त्यांचं लग्न झालं. हिरामण दिवसा भला माणूस होता. संध्याकाळी तो अंगणात यायचा आणि खांबाशी भांडायचा. खरोखरचा खांब, नगरपालिकेचा, अजून तिथेच आहे. मग आत येऊन पायरीवर ओकायचा. ते आंबूस, कोमट काहीतरी राख टाकून, खरवडून, बादलीभर पाण्याने धुवायचं आणि सकाळी त्याच हातांनी खडू धरून फळ्यावर सुविचार लिहायचा, असं बाईंनी बारा वर्षं केलं. फिनेलचा वास आला तरी त्यांना अजून मळमळतं.

प्रविण सात वर्षांचा होता. अशाच एका रात्रीनंतर सकाळी त्या चुलीपुढे गप्प बसलेल्या असताना त्याने एक चप्पल हातात घेतली आणि दाराच्या चौकटीशी भांडायला सुरुवात केली. अगदी बापाच्या आवाजात, तोच तोल, तीच लोंबणारी मान. बाई बघत राहिल्या आणि मग हसल्या, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पोराचा चेहरा उजळला. त्या दिवसापासून प्रत्येक वाईट रात्रीनंतर त्याचा प्रयोग ठरलेला. हिरामण यकृत सुजून गेला तेव्हा प्रविण चौदा वर्षांचा होता आणि प्रयोग बसून तयार होता.

पुढचं काही वेगळं सांगायला नको. कार्यक्रम संपला की मंडळाची पोरं कलाकाराला मागच्या बाजूला नेतात, बसवतात, "घ्या की दादा" म्हणतात. जनूदादाला पाजण्यात लोकांना भलतीच मौज वाटायची. सव्विसाव्या वर्षी प्रविण कार्यक्रमाआधी घ्यायला लागला, अठ्ठाविसाव्या वर्षी सकाळी. एकदा नागोठण्याच्या स्टॅंडवर तो स्वतःच्या घाणीत झोपलेला सापडला. येणारे-जाणारे त्याच्याभोवती उभे राहून हसत होते. त्यांना वाटलं, जनूदादा चाललाय.

बाईंनी त्याला खाडीपलीकडच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात दीड महिना ठेवलं. तो परत आला तो हडकुळा होऊन, पण स्वच्छ. चौदा महिने त्याने थेंब घेतला नाही.

आणि या चौदा महिन्यांतच बाईंनी ती चूक केली. आता ती आठवली की त्यांना स्वतःच्या हातांची किळस येते.

केंद्रातून आल्यावर प्रविण म्हणाला होता, "आई, जनूदादा बंद करतो. बाकीचं चालू ठेवतो." पण बाकीच्यासाठी कुणी बोलवेना. बोलावणारे फोनवर पहिल्यांदा जनूदादाचंच विचारायचे. तीन महिने तो घरी छताकडे बघत पडून राहिला. मग बाईंनीच त्याला समजावलं. त्या शिकलेल्या, चार नाटकं बसवलेल्या. "अरे, अभिनय तो अभिनय. स्टेजवर राजा होणारा माणूस काय खरंच राजवाड्यात राहतो? बाटलीत काय असतं ते महत्त्वाचं. ते माझ्यावर सोड."

रद्दीवाल्याकडून त्यांनी रमची एक बाटली आणली. सोडा घालून उकळत्या पाण्याने ती चार वेळा धुतली, नाकाला लावून खात्री केली. प्रत्येक कार्यक्रमाच्या दिवशी त्या कोरा चहा उकळायच्या, फडक्यातून दोनदा गाळायच्या, रंग अगदी तस्सा जमेपर्यंत पाणी घालायच्या. मग बाटली भरून बुचावर पांढरं फडकं बांधायच्या आणि दोऱ्याची गाठ मारायच्या. गाठ त्यांचीच, दुहेरी, टोक आत खोचलेली. कुणी उघडली तर कळावी म्हणून. या व्यवस्थेचा त्यांना अभिमान होता. स्टाफरूममध्ये त्यांनी ती एकदोघींना सांगितलीसुद्धा होती.

जोहे हे गणपती घडवणाऱ्यांचं गाव. मोठ्या गणपतीला तिथल्या लोकांना स्वतःच्या घरी देव आणायला फुरसत नसते. सगळा मुलूख आपापली मूर्ती न्यायला त्यांच्या दारात उभा असतो. म्हणून ते पंधरवड्याने साखरचौथीला आपला गणपती बसवतात. सगळं काम हातावेगळं झालेलं, अंग मोकळं, त्यामुळे त्या दिवसाची मजा काही निराळीच असते. यंदा, म्हणजे शहाण्णव साली, महिन्याभरापूर्वी काळुरामच्या कारखान्यापुढे मांडव पडला होता आणि जनूदादाचा कार्यक्रम होता. काळुराम कारखान्याचा मालक. तो आणि त्याच्याकडचे निम्मे कारागीर म्हात्रेबाईंच्या हाताखालून गेलेले, म्हणून बाईंना पहिल्या रांगेत खास खुर्ची.

आणि जनूदादा असा रंगला की विचारू नका. चौदा महिन्यांत बाईंनी त्याला असा पाहिला नव्हता. तो खांबाशी भांडला, मग खांबाच्या गळ्यात पडून रडला, मग एकदम थांबून खांबाला म्हणाला, "तुजी बायको शिकलेली हाय का? मग गप ऱ्हा. माजी पन हाय. ती मारीत नाय, नुसती बगते." मांडव कोसळायचा बाकी राहिला. आणि बाई हसल्या. सात वर्षांच्या पोराला हसल्या होत्या तशाच, पोट धरून. मांडवातल्या कुणाहीपेक्षा जास्त.

कार्यक्रम संपल्यावर त्या कौतुकाने मांडवामागे गेल्या. प्रविण कच्च्या मूर्तींच्या रांगेपाशी गुडघ्यांवर बसून ओकत होता. पांढऱ्या मातीवर ते पिवळं पसरत चाललं होतं. वास यायच्या आधीच बाईंना वास आला. सोळा वर्षं मागून आला तो, पायरीवरून, तसाच्या तसा. पाच मिनिटांपूर्वी ज्याला बघून त्या खिदळत होत्या, तो अभिनय नव्हता. त्यांनी खऱ्या दारुड्याला नाटक समजून टाळ्या वाजवल्या होत्या, नागोठण्याच्या स्टॅंडवरच्या लोकांसारख्या. त्या खांबाला धरून उभ्या राहिल्या.

"आई," तो तोंड पुसत म्हणाला, "कुणीतरी बाटली बदलली. पहिला घोट घेतला आणि कळलं. पण स्टेजवर होतो, थुंकू कसा?"

बाईंनी त्यावर विश्वास ठेवला. ठेवायचाच होता म्हणून ठेवला. कुणीतरी पोराच्या जिवावर मस्करी केली, हे ऐकून त्यांना जवळजवळ बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने त्या त्याला घेऊन जोह्याला गेल्या. कारखान्यात सगळे हजर होते. बाईंनी वर्गात विचारावं तसं विचारलं, "काल स्टेजमागे कोण होतं?"

"पोपट व्हता," कुणीतरी म्हणालं.

पोपट म्हणजे कारखान्यातला आखणी करणारा, मूर्तीचे डोळे काढणारा. बाकी रंग कुणीही द्यावा, पण डोळे पोपटनेच काढायचे. प्रविणच्याच वर्गातला, पस्तिशीचा दिसणारा, हळू बोलणारा माणूस.

"तू बदललीस बाटली?"

"मी नाय केलं बाई."

"मग कुणी केलं? तू तिथे होतास ना?"

पोपटने मान वर केली आणि एकदाच प्रविणकडे बघितलं. प्रविण एका मूर्तीच्या पायांकडे बघत होता. पोपटने मान पुन्हा खाली घातली. शाळेतसुद्धा तो असाच उभा राहायचा.

"लाज नाही वाटत?" बाईंचा आवाज चढला. "दारू सोडलेल्या माणसाच्या बाटलीत दारू? आणि तीही देवाच्या मांडवात? असल्या हातानं देवाचे डोळे काढतोस?"

हे वाक्य त्यांच्या तोंडून गेलं खरं. काळुरामने ते उचललं. "बाई बोलतात ते बराबर हाय," तो म्हणाला. "पोपट, उद्यापासून ब्रश ठेव खाली."

पोपटने बाईंना वाकून नमस्कार केला, जाताना करतात तसा.

पुढचे आठ दिवस प्रविण प्यायला. आता त्याच्याकडे कारण होतं. फसवून पाजली गेली आणि तार तुटली, ती आता परत लगेच कशी जुळणार? बाई प्रत्येकाला सांगत होत्या, "त्याला बरं नाही, पोट बिघडलंय." गाद्या उन्हात टाकत होत्या. मोरीतली ओकारी, चादरीवरचे डाग, पहाटे त्याच्या तोंडाला येणारा सडक्या फणसासारखा वास. हे सगळं त्या नाक बांधून उपसत होत्या, आणि मनातल्या मनात पोपटला शिव्या घालत होत्या. शिव्या घालायला एक माणूस असला की घाण काढायला बळ येतं.

नवव्या दिवशी त्यांनी प्रविणची कपड्यांची पेटी आवरायला घेतली. तळाशी, जनूदादाच्या मळक्या धोतरात गुंडाळलेली बाटली निघाली. त्यांचीच. बुचावर पांढरं फडकं, त्यावर दुहेरी गाठ, टोक आत खोचलेलं. गाठ कुणी सोडलीच नव्हती. आत नऊ दिवसांचा कोरा चहा होता. त्यावर हिरवट साय धरली होती, केसाळ, बोटभर जाड, आणि बाटली हलवली की ती मेलेल्या पालीसारखी गदगद हलत होती.

म्हणजे त्याने दुसरी बाटली घरूनच नेली होती.

बाईंना पोपटची ती एकदाच वर झालेली मान दिसली. त्याला माहीत होतं. तो स्टेजमागे होता, त्याने सगळं पाहिलं असणार. आणि आईसमोर मुलाचं नाव घ्यायचं नाही, म्हणून तो गप्प राहिला होता.

प्रविण दुपारी उठला तेव्हा बाटली स्वयंपाकघरात पाटावर ठेवलेली होती. त्याने ती बघितली. मग चप्पल उचलली, मान लोंबवली आणि जनूदादाच्या आवाजात म्हणाला, "ओ मॅडम, चाय थंड झाली तुमची. गरम करा की."

बाई हसल्या नाहीत.

"शेवाळाची भाजी करा नायतर."

बाई बघत राहिल्या.

त्याने आणखी एकदा तोंड उघडलं, पण काही सुचेना. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा प्रयोग त्या स्वयंपाकघरात पडला. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि स्वतःच्या आवाजात बोलला.

"चहा पिऊन जनूदादा येत नाही, आई. चौदा महिने येत नव्हता. लोक हसत होते, पण सवयीनं. मला स्टेजवर कळायचं. त्या दिवशी आला." मग म्हणाला, "तू पण हसलीस. पहिल्या रांगेतून तुझाच आवाज येत होता."

बाईंनी बाटली उचलली, मोरीत ओतली. ती साय जाळीवर अडकली. त्यांनी ती बोटांनी ढकलली आणि मग हात लाकडासारखे कोरडे पडेपर्यंत साबणाने धुतले. कपाटाच्या दाराला आतून केंद्राचा कागद चिकटवलेला होता. त्यावर रोह्याचा एक नंबर लिहिलेला होता. इद्रीसचा.

इद्रीस पन्नाशीचा, रोह्याच्या बाजारात एसटीडी बूथ चालवणारा. एके काळी दुबईला कामाला होता. तिथे चोरून पिताना पकडला गेला आणि परत पाठवला गेला. नऊ वर्षं कोरडा, एक थेंबही नाही. दर महिन्याला केंद्रात जाऊन नव्या लोकांना आपली हकीकत सांगायचा. त्याच संध्याकाळी तो ओळखीच्या टेम्पोने आला. घरात शिरल्यावर त्याने प्रविणकडे न बघता आधी मोरीत ठेवलेली रिकामी बाटली बघितली.

"ही काय?"

बाईंनी सगळं सांगितलं. चहा, फडकं, गाठ.

"बाटली तुमीच भरायच्या?"

"हो. पण चहा होता."

"चाय असू दे, दूध असू दे. बाई, तुमी शिकलेल्या. दारू सोडलेल्या मानसाच्या हातात हप्त्याला दोन वेळा बाटली देता, त्यो ती तोंडाला लावतो, लोकं टाळ्या पिटतात. मंग त्याचा हात काय शिकनार?"

बाईंना राग आला. एवढा सोडा, एवढं उकळणं.

"चल रे जनूदादा," इद्रीस म्हणाला.

"मी जनूदादा नाही," प्रविण पुटपुटला.

"ह्ये बराबर बोललास. गाडीत बस."

इद्रीसचं घर वरशाला, रोह्याला लागूनच. पहिले पाच दिवस फार वाईट गेले. बाई तिसऱ्या दिवशी गेल्या तर प्रविण थरथरत बसलेला, अंगावर घाम, आणि इद्रीसची बायको फरझाना त्याला चमच्याने पेज भरवत होती. तो सांडत होता, ती पुसत होती. नाक न मुरडता. बाईंना तिच्याकडे बघवेना. त्यांनी स्वतः आयुष्यभर पुसलं होतं, पण तोंड फिरवून.

"तुम्हाला किळस नाही येत?" त्यांनी विचारलं.

"येते ना," फरझाना म्हणाली. "याचं तर काहीच नाही. आमच्याच्या वेळेला मी शिव्या घालत पुसलंय. बाहेर मात्र कुनाला सांगितलं नाही की ताप आलाय. दारू प्यायलाय, असंच सांगितलं."

निघताना इद्रीस बाईंना एसटीपर्यंत सोडायला आला. दर गुरुवारी आणि रविवारी रोह्यात शाळेच्या एका वर्गात दारू सोडलेल्यांची बैठक भरायची. प्रविण सावरला की तो त्याला तिथे नेणार होता. दिवसा बूथवर बसवणार होता, डोळ्यांसमोर.

"आणि पोपटचं?" बाईंनी स्वतःहूनच विचारलं. "प्रविणला त्याची माफी मागायला लावा."

"त्याचा वखत येईल तवा त्यो मागंल. ज्यांची माफी मागायची त्यांची यादी मोठी हाय, त्यात पोपट बी हाय." एसटी आली. इद्रीसने बाईंची पिशवी वर दिली. "पन पोपटला चोर त्यानं नाय ठरवला, बाई. तुमी ठरवला. त्याचं त्यो बगंल. तुमचं तुमी बगा."

बाईंनी बघितलं नाही. प्रविण परत येईल, मग दोघं मिळून जाऊ, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. काळुरामला खरं सांगितलं तर ते दुपारपर्यंत शेजारच्या हमरापूरला आणि संध्याकाळपर्यंत पेणला पोचणार. मग प्रविणला दिवाळीत कोण बोलावणार? आणि म्हात्रेबाई खोटं बोलल्या, हे? मध्ये नवरात्र येऊन गेलं. बाजारात त्यांना धोंडुबाई भेटली. काळुरामच्या कारखान्यात साचे धुणारी, जोह्याची म्हातारी.

"बाई, तुमचा पोर बरा हाय ना?"

"बरा आहे. पोट बिघडलं होतं."

"व्हय का." धोंडुबाईने भाजीची जुडी उलटीपालटी केली. "यंदा देवीचे डोळे काय जमले नाय. दुसऱ्या पोरानं काढले. सगल्या देव्या अशा बगतात जशा काय त्यांना कुनी फसवलंय. पोपट्या बिचारा कोपऱ्यात बसून पालिशपेपर घासतो. हाताची सालटी निगाली."

बाईंनी नुसतं "हो का" म्हटलं आणि घरी येऊन पुन्हा हात धुतले. गेले काही दिवस त्यांना ही सवयच लागली होती.

हे सगळं आज दुपारी करपलेल्या डाळीच्या वासात त्यांच्या डोक्यात फिरत होतं, आणि सगळ्यांच्या वर कालचा तो विनोद. शेवटी त्यांनी फोन उचलला. इद्रीसच्या घरचा नंबर फिरवायला लागल्या. फरझानाला विचारायचं, काल तो कसा होता? डोळे लाल होते का? जवळ जाऊन जरा...

जरा काय? तोंड हुंगून बघ?

त्यांचं बोट तबकडीच्या भोकात तसंच राहिलं. बारा वर्षं त्यांनी नवऱ्याचं तोंड हुंगलं, चार वर्षं मुलाचं, आणि आता तेच काम एका परक्या बाईला सांगायला निघाल्या होत्या. बाटलीचंही तसंच, भरण्याआधी नाकाला लावून. सगळं आयुष्य त्यांनी हुंगण्यात घालवलं, आणि जोह्याच्या मांडवात नेमकं पहिल्या रांगेत बसून त्यांच्या नाकाला काही कळलं नव्हतं.

कालचा तो म्हातारा त्यांना पुन्हा ऐकू आला. जेवलास का, जेवलास का, आणि उत्तराकडे लक्ष नाही. प्रविणने ती नक्कल कुणाची केली होती? आणि त्यात बाटली नव्हती, चप्पल नव्हती, खांब नव्हता. बापाची एकही लकब नव्हती. असा विनोद त्याने याआधी कधी केला नव्हता. तो प्यायलेला होता की नव्हता, हे त्यांना कळणार नव्हतं. हुंगूनही कळणार नव्हतं. ते इद्रीसला कळेल, आणि मुख्य म्हणजे प्रविणला. तो बावीस दिवस कोरडा असला तर तेवढेच बावीस दिवस त्या सगळं माहीत असून गप्प होत्या, हे मात्र पक्कं होतं. त्याला पुन्हा प्यायची झाली तर टेकायला जागा त्यांनी राखून ठेवली होती. पोपटनं बाटली बदलली, ही.

त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला.

भिंतीवर काळुरामच्या कारखान्याचं कॅलेंडर होतं. वर गणपती. डोळे पोपटने काढलेले, कुठूनही बघितलं तरी आपल्याकडेच बघणारे. खाली कारखान्याचा नंबर. बाईंनी घड्याळ बघितलं. साडेबारा. आत्ता कारागीर डबे सोडून ऑफिसच्या ओट्यावर जेवायला बसलेले असणार. आणि काळुरामला खोड होती. फोनवर ऐकलेलं प्रत्येक वाक्य तो मोठ्याने परत म्हणायचा, खात्री करून घ्यायला. शाळेत पाढेसुद्धा तसाच म्हणायचा.

संध्याकाळी केला तर तो एकटा असेल. सावकाश, नीट शब्दांत सांगता येईल.

नको. संध्याकाळपर्यंत त्यांना आणखी एखादं पोट बिघडलेलं सुचेल.

वाक्य त्यांनी तोंडात एकदा फिरवून बघितलं. काळुराम, पोपटने काही केलं नाही. प्रविण दारू पितो, त्याने स्वतः बाटली नेली होती, आणि हे मला बावीस दिवस माहीत आहे. वाक्याला ओकारीसारखी आंबट चव होती. तरी ते त्यांनी गिळलं नाही. नंबर पाठ होता, तरी कॅलेंडर खिळ्यावरून काढून मांडीवर घेतलं, आणि त्या फोनपुढे बसल्या.